शाळेचे दप्तर आणि घरचा देव



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालविता, त्यांची उभी हयात या भागातील मुलांना अक्षरओळख करून देण्यात गेली. म्हणून त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून बोलताना विषय मुलांचाच असावा, असे मला आपले निमंत्रण वाचतानाच वाटले. तो विषय असा : ज्या घराची श्रद्धा गावातील बहुसंख्यांच्या श्रद्धेहून निराळी आहे, किंबहुना ज्या श्रद्धेला धर्म हे नाव द्यावे की नाही याविषयीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना संशय आहे, त्या घरातील आईबापांनी आपली मुले शाळेच्या वातावरणात कशी वाढवावी, आणि शाळेने त्या मुलांशी कसे वागावे. हा प्रश्न दूरदेशीचाही आहे आणि मानपुरच्या वेशीवरचाही आहे. मी दोन्हीकडचे सांगणार आहे, परंतु आरंभ येथून करतो.

महूकडून निघालेला मुंबई-आग्रा रस्ता माळव्याच्या पठारावरून मानपुरपर्यंत येतो आणि येथून पुढे घाट उतरून निमाडात शिरतो. इंग्रजी अमलात सभोवार संस्थानिकांचा मुलूख पसरलेला असताना मानपुर हा ब्रिटिशांच्या ताब्यातील निराळा परगणा होता, आणि त्या कारणाने जुन्या सरकारी दप्तरांत या लहानशा गावाचे नाव आढळते. जवळच जानापावची टेकडी आहे. चंबळेचा उगम तेथे, परशुरामाचे जन्मस्थान म्हणून तिची ख्याती, आणि कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते. या प्रसिद्ध गोष्टींच्या अवतीभवती, घाटाच्या घळींत आणि टेकड्यांच्या उतारांवर, भिल्ल आणि भिलाला यांची वस्ती आहे, जिला इकडे फलिया म्हणतात. त्यांच्या बाबादेवाला देऊळ लागत नाही. झाडाखाली, शेंदूर फासलेल्या दगडापाशी, भाजलेल्या मातीच्या घोड्यांच्या रांगेत त्याचे ठाणे असते. त्यांचा बडवा, म्हणजे पुजारी, कोणत्याही पोथीवाचून पूजा सांगतो. मृतांच्या नावाने ते दगड किंवा लाकडी खांब उभारतात, आणि कित्येक कुळांत एखादे झाड असे वंद्य असते की त्या कुळातला माणूस त्याच्यावर कुऱ्हाड चालवीत नाही. मध्यप्रदेशात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५३ लाख असून त्यांपैकी भिल्ल समूहाची साठ लाखांच्या घरात आहे. अर्थात ज्यांच्याविषयी मी बोलतो आहे ती मूठभर माणसे नव्हेत.

काही वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या दिवसांत, या जिल्ह्यातील एका शाळेच्या कचेरीत मी काही कामानिमित्त बसलो होतो. एक भिलाला गृहस्थ आपल्या मुलीचे नाव घालण्यासाठी आले होते. कारकून सज्जन होता. त्याने मुलीला बसायला खुर्ची दिली, बापाला पाणी विचारले, आणि मग अर्ज स्वतःच भरायला घेतला. नाव, बापाचे नाव, गाव, जमातीचा दाखला असे एकेक रकाने विचारून विचारून भरले गेले. धर्माच्या रकान्यापाशी मात्र त्याची लेखणी थांबली नाही आणि प्रश्नही आला नाही. बापाचे लक्ष त्या लेखणीच्या टोकाकडे होते. त्यांनी हळूच विचारले, ‘साहेब, इथं काय लिहिलं?’ कारकून म्हणाला, ‘सगळ्यांचं लिहितो तेच, दादा.’ बापाने मान डोलावली आणि अंगठ्याची शाई पुसण्यासाठी भिंतीकडे हात नेला.

त्या बापाला विचारले असते तर त्याने काय उत्तर दिले असते, हे मी त्याच्या वतीने सांगणार नाही. भिल्लांत आपल्याला हिंदू म्हणविणारी घरे पुष्कळ आहेत, भगतपंथाची माळ घालणारी आहेत, ख्रिस्ती झालेली आहेत, आणि आमचा धर्म आमच्या पूर्वजांचाच, त्याला दुसरे नाव नको, असे म्हणणारीही आहेत. यांपैकी कोणते उत्तर खरे, हे ठरविण्याचा अधिकार ना त्या कारकुनाला, ना मला. माझे म्हणणे इतकेच की ते उत्तर त्या बापाचे होते आणि ते त्याला विचारले गेले नाही. कारकुनाच्या मनात दुष्टावा तिळमात्र नव्हता, आणि म्हणूनच हा प्रसंग मला अधिक गंभीर वाटतो. कारण दुष्टाव्याशी झगडता येते, परंतु जी वहिवाट सद्भावनेने चालते तिच्याविरुद्ध फिर्याद कोणाकडे करावी?

सरकारी कोष्टकांचा इतिहासही असाच आहे. इंग्रजी अमदानीतील शिरगणत्यांत आदिवासींच्या उपासनेसाठी १९३१ पर्यंत निरनिराळ्या नावांनी का होईना, पण एक स्वतंत्र सदर होते. ती नावे परक्यांनी दिलेली होती आणि त्यांत तुच्छतेचा वास होता हे खरे. तथापि स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून ते सदरच गेले आणि ‘इतर’ या एका शब्दात सारे जमा झाले. २०११ मध्ये या ‘इतर धर्म व संप्रदाय’ सदरात आपली नोंद करविणारे सुमारे ७९ लाख लोक होते. त्यांपैकी ४९ लाखांहून अधिकांनी सरना असे आणि १० लाखांहून अधिकांनी गोंड धर्म असे आग्रहाने लिहविले. झारखंडच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरना धर्मासाठी स्वतंत्र सदराची मागणी करणारा ठराव केला. गणकाच्या फलकावरचा कागद कित्येक वर्षांनी एकदा दारात येतो. शाळेचा वर्ग मात्र मुलाला रोज गाठावा लागतो, आणि म्हणून कोष्टकाचा वाद राजधानीवर सोपवून मी वर्गाकडे वळतो.

एका निवासी शाळेत मी भाद्रपदात गेलो असताना दुपारच्या जेवणात नव्या मक्याची उकडलेली कणसे होती. नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीने आपल्या ताटातले कणीस कडेला सरकवून ठेवले आणि नुसती डाळ-पोळी खाल्ली. वाढणाऱ्या बाईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘घरी नवाई झाली नाही.’ नवाई म्हणजे नव्या पिकाची पूजा. मका, काकडी, शेतातले पहिले जे येईल ते देवाला आणि पितरांना दाखविल्यावाचून तोंडात घालायचे नाही, असा या मुलखातील आदिवासी घरांचा नेम आहे. देखरेखीला असलेल्या शिक्षकांनी ते ऐकले आणि, त्यांच्या समजुतीने मुलीच्याच हितासाठी, सर्व मुलांना उद्देशून सांगितले की अंधश्रद्धा म्हणजे काय हे पाहायचे असेल तर इकडे पाहा. पंगत हसली. त्याच शाळेत श्रावणात आणि नवरात्रात उपास करणाऱ्या मुलींना साबुदाण्याची खिचडी निराळी करून दिली जात असे आणि त्यांच्या निग्रहाची वाखाणणी होत असे. ती होऊ नये असे मी म्हणत नाही, व्रतस्थ मुलीचे कौतुक मलाही आहे. परंतु एका मुलीने अन्न नाकारले तर ते व्रत आणि दुसरीने नाकारले तर ते अज्ञान, हा निवाडा कोणत्या शास्त्राच्या आधारे झाला? पुढल्या वर्षी त्या स्वयंपाकीणबाई मला भेटल्या. त्यांनी सांगितले की ती मुलगी आता नवाईचे नाव काढीत नाही. कणसे असली की पोट दुखते म्हणते आणि उठून जाते. शाळेने तिला जे शिकविले ते हे : घरची गोष्ट लपवावी, आणि लपविण्यासाठी खोटे बोलावे.

आता थोडे दूर जाऊ. इंग्लंडात १७३५ सालचा जादूटोण्याविषयीचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थांनी एक पुस्तक प्रसिद्ध करून विक्का या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या संप्रदायाला जाहीर रूप दिले. या संप्रदायाची माणसे देव आणि देवी अशा युगुलाला भजतात, ऋतुचक्राचे आठ सण पाळतात, पौर्णिमेला एकत्र येऊन पूजा करतात, आणि वर्तुळातील पंचकोनी तारा हे त्यांचे पवित्र चिन्ह आहे. पाश्चात्त्य समाजात चेटूक या कल्पनेभोवती शतकानुशतके साचलेली भीती त्यांच्या वाट्याला आली, आणि तिचा पहिला मार त्यांच्या मुलांना बसला. १९९९ च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन राज्यात लिंकन पार्क येथील हायस्कूलने तो तारा गळ्यात घालण्यास मनाई केली. एका विद्यार्थिनीने न्यायालयात धाव घेतली तेव्हा शाळेला ती मनाई मागे घ्यावी लागली. ओक्लाहोमा राज्यात त्याच वर्षी एका मुलीला शाळेतून काही दिवस काढून टाकण्यात आले, आणि शिक्षकाच्या आजारपणाचे खापर तिच्या मंत्रतंत्रांवर फोडले गेले, अशी फिर्याद तिच्या घरच्यांनी पुढे केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेसारख्या देशात, शाळेच्या कचेरीत हे घडते, याचा आपण विस्मय करू नये. भिल्ल मुलखात डाकण, म्हणजे चेटकीण, ठरवून स्त्रियांना मारल्याच्या वार्ता आपण वाचत आलो आहोत. त्या क्रौर्याचा बंदोबस्त कायद्याने निष्ठुरपणे केला पाहिजे. पण त्या क्रौर्याचे नाव पुढे करून नवाईच्या पूजेला आणि बाबादेवाच्या घोड्यांना त्याच कोठडीत कोंडणे हा न्याय नव्हे, कारण निरपराध पूजेला अपराधाचे नाव देणे हीच त्या क्रौर्याची पहिली पायरी असते.

मला सर्वांत उद्बोधक वाटतो तो इंडियाना राज्यातील खटला. तेथे विक्का संप्रदायाचे एक जोडपे विभक्त झाले. त्यांचा मुलगा कॅथलिक शाळेत शिकत होता. २००४ मध्ये न्यायाधीशांनी घटस्फोटाच्या हुकुमात, उभयतांनी मागितले नसताना, अशी अट घातली की मुलाला रूढ धर्मांहून निराळ्या अशा श्रद्धांपासून व विधींपासून दूर ठेवावे. या अटीच्या मुळाशी जी शंका होती ती अशी की घरी एक आणि शाळेत दुसरे पाहून मूल गोंधळून जाईल. आईबाप दोघेही एकाच श्रद्धेचे, त्यांच्यात त्याविषयी तंटा नाही, मुलाला इजा झाल्याचा पुरावा नाही. तरी हुकूम झाला. २००५ च्या ऑगस्टात वरिष्ठ न्यायालयाने ती अट रद्द केली. निकाल योग्य झाला. परंतु त्या शंकेचा विचार आपण केला पाहिजे, कारण आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित शिक्षकांच्या मनातही तीच असते. घर आणि शाळा यांच्या श्रद्धेत भेद असल्याने मुलाचे खरोखर नुकसान होते काय?

याचे उत्तर देण्यासाठी मला येथून फार दूर जावे लागत नाही. या घाटमाथ्यापासून तासाभराच्या अंतरावर महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या घरी भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जन्मास आले. रामजी सैन्याच्या शाळेत शिक्षक होते आणि घराणे कबीरपंथी होते. पुढे साताऱ्यास शाळेत जाताना त्या मुलाला बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे, आणि संध्याकाळी ते परतही आणावे लागे, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती, शिपायाने वर ओतले तरच पाणी. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकण्याची वाट अडविली गेली तेव्हा फारशी घ्यावी लागली. म्हणजे घरी कबीराची भजने आणि शाळेत ही वागणूक; भेद याहून मोठा तो कोणता असणार? तरी त्या घरातून जे मूल बाहेर पडले त्याची बुद्धी गोंधळलेली होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

रामजींनी केले काय, हे बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगून ठेविले आहे. सुभेदार मुलांकडून नित्य भजने म्हणवून घेत आणि रामायण-महाभारतही वाचून घेत. ज्या ग्रंथांत आपल्यासारख्यांना मान नाही ते आम्ही का वाचावे, असे मुलाने विचारले. बापाने त्याला गप्प बसविले नाही. द्रोण आणि कर्ण हे लहान कुळातून किती उंचीला चढले ते पाहा, वाल्मीकी कोण होता ते आठव, तुझ्या मनात न्यूनगंड राहू नये म्हणून हे वाचायचे, असे त्यांचे उत्तर होते. ते उत्तर मुलाला पुरते पटले नाही, असेही बाबासाहेबांनी तेथेच नमूद केले आहे. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती दिले, आणि त्या वाचनाने लागलेली दिशा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास बौद्ध धम्माच्या दीक्षेपर्यंत पोचली. बापाने आपली श्रद्धा दिली, दुसऱ्यांची शास्त्रे दाखविली, प्रश्न सहन केले. गुरूने एक पुस्तक दिले आणि मुलाला त्याच्या वाटेने जाऊ दिले. वर्गात जे गोणपाट होते त्याने जखम केली. घर आणि शाळा यांच्या श्रद्धेतील भेदाने केली नाही. मूल भेद सहज पचविते. दोन देवांची नावे, दोन भाषा, दोन प्रकारचे सण ते खेळता खेळता शिकते. ते खचते अवहेलनेने, आणि अवहेलना ही भेदातून आपोआप निपजत नाही. ती कोणीतरी मोठ्या माणसाने करावी लागते.

कोल्हापुरास शाहूमहाराजांनी या प्रश्नाची जी तजवीज केली तिचा विचार मी अनेकदा करतो. १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली, जेथे त्या त्या घराचे अन्न आणि त्या त्या घराची प्रार्थना मुलाला मिळे; आणि शाळेच्या बाबतीत मात्र १९१९ मध्ये त्यांनी हुकूम काढून अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुले सर्वांबरोबर एका वर्गात बसविली. राहण्याची जागा आपापली, शिकण्याची जागा सर्वांची. या व्यवस्थेतही दोष होते, आणि त्यांचा दाखला ज्यांच्या आयुष्यात मिळतो ते सामान्य पुरुष नव्हते. भाऊराव पाटील हे जैन घरातले विद्यार्थी, जैन वसतिगृहात राहणारे. १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले त्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करण्याचे त्यांनी नाकारले, म्हणून त्यांना स्वधर्मीयांच्याच वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. पुढे याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि साताऱ्याच्या आपल्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसविले. घरच्या श्रद्धेचे रक्षण करा असे सांगताना मी हा प्रसंग गाळू इच्छीत नाही. घरही कधी मुलाची अवहेलना करते, आणि आपल्या श्रद्धेच्या नावाने दुसऱ्याच्या मुलाला विटाळ मानायला शिकविते. तेथे मूल घराला नाही म्हणाले तर त्याच्या पाठीशी उभे राहणे हे शाळेचेच कर्तव्य होय.

राज्यघटनेत याविषयी तरतूद नाही असे नव्हे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही; सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल तर पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही अल्पवयीन मुलाला त्यात किंवा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही, असे २८ वे कलम सांगते. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या तरतुदीचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी मांडलेला एक मुद्दा असा होता की सर्वांच्या कराचा पैसा एका धर्माच्या शिक्षणासाठी खर्ची घालणे हे इतरांवर अन्यायाचे होईल. आणि जेव्हा जेव्हा प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा निकाल बहुधा मुलाच्या किंवा शिक्षकाच्या बाजूचा झाला. केरळात १९८५ च्या जुलैमध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढले, कारण राष्ट्रगीत चालू असता ती आदराने उभी राहत पण, आपल्या श्रद्धेप्रमाणे, ते म्हणत नसत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना परत घेण्याचा हुकूम दिला. आपल्या राज्यात २००७ च्या जानेवारीत शाळाशाळांतून सूर्यनमस्काराचा कार्यक्रम योजिला गेला तेव्हा तो सक्तीचा करता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने सांगितले. नाशिकच्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेला उभे राहूनही हात जोडण्याचे नाकारले, त्यांची वेतनवाढ अडली, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने हात जोडण्याची सक्ती करता येत नाही असा निर्णय दिला.

हे निकाल मला शिरोधार्य आहेत. तथापि त्यांतून जे मिळते ते काय, याचा शिक्षक म्हणून विचार केला की मन अस्वस्थ होते. मिळते ती सूट. केरळातील ती मुले न्याय मिळेपर्यंत एका संपूर्ण शैक्षणिक वर्षाला मुकली होती. नाशिकचे गृहस्थ प्रौढ होते, विचारवंत होते, वर्षानुवर्षे झगडण्याचे बळ त्यांच्या अंगी होते. आता दहा वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. सगळा वर्ग हात जोडून डोळे मिटतो आणि हे एकटे हात खाली सोडून उभे राहते. कायद्याने त्याला मुभा आहे, आणि त्याच मुभेने त्याला चारशे मुलांच्या पटांगणात उघडे पाडले आहे. मधल्या सुट्टीत त्याला काय ऐकावे लागते हे कोणत्याही निकालपत्रात येत नाही. ज्या हक्काचा वापर करण्यासाठी लहान मुलाला रोज सकाळी धैर्य गोळा करावे लागते तो हक्क कागदावर पुरा आणि पटांगणात अपुरा असतो. म्हणून माझे निश्चित मत असे आहे की सूट मागण्याची पाळीच मुलावर येऊ नये अशी शाळेची रीत असली पाहिजे. प्रार्थना कितीही उदार शब्दांत बांधलेली असो, साने गुरुजींच्या अंतःकरणातून आलेली का असेना, तिच्याऐवजी किंवा तिच्यानंतर सर्वांनी मिळून दोन मिनिटे शांत उभे राहण्याने काही बिघडत नाही. त्या शांततेत ज्याला जो आठवायचा तो आठवील, आणि कोणाचे ओठ हालले व कोणाचे नाही याची नोंद शेजाऱ्याला ठेवता येणार नाही.

पालकांविषयी बोलायचे तर माझी पहिली विनंती अशी की आपली लढाई मुलाच्या खांद्यावर देऊ नये. ‘आमच्यात चालत नाही’ असे सांगण्यासाठी मुलाला चिठ्ठी देऊन पाठविणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. ती चिठ्ठी हातात घेऊन शिक्षकाच्या टेबलापाशी उभे राहणे ही लहान जिवाला केवढी शिक्षा असते! आईने किंवा बापाने स्वतः जावे, वर्षाच्या आरंभी जावे, भांडण होण्यापूर्वी जावे. दुसरे असे की आपला विधी आपण का करतो हे मुलाला सांगता आले पाहिजे, आणि ते सांगण्याइतके ते आईबापांनी स्वतः समजून घेतले पाहिजे. नवाईची पूजा म्हणजे ज्यांनी हे शेत पहिल्याने मोडून तयार केले त्या पितरांना पहिला घास, असे ज्या मुलीला आजीने शेताच्या बांधावर बसवून सांगितले आहे, तिला वर्गात कोणी हसले तर ती दुखावेल, पण लाजणार नाही. आणि दुखावणे व लाजणे यांत मुलाच्या पुढल्या साऱ्या आयुष्याचे अंतर आहे. तिसरी गोष्ट मी रामजी सुभेदारांकडून घेतो : इतरांच्या कथा, इतरांचे ग्रंथ, इतरांचे सण यांची मुलाला ओळख असू द्यावी, आणि त्याने घरच्या देवाविषयी प्रश्न विचारला तर रागावू नये. मूल उद्या त्या देवाला सोडील, अशी भीती आईबापांना वाटते, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु शाळेच्या उपहासाने सुटलेली श्रद्धा मनात सल ठेवून जाते. विचाराने सुटलेली श्रद्धा तशी जात नाही, आणि विचाराने टिकलेली तर कोणाच्या हसण्याने डळमळत नाही.

शिक्षकांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या वर्गात निम्मी मुले फलियांतून येत असतील. प्रवेशअर्ज भरताना धर्माच्या रकान्यापाशी लेखणी थांबवा आणि पालक जे सांगतील ते, त्यांच्या शब्दांत, लिहा. उत्तर द्यायचे नसेल तर रकाना कोरा ठेवा. मूल एखादा पदार्थ खात नसेल तर कारण एकांतात विचारा. भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी मेळ्यांच्या, आठवड्यात हजेरी पडते म्हणून दरवर्षी मुलांना रागे भरण्यापेक्षा त्या दिवसांची चाचणी पुढे ढकलणे मुख्याध्यापकांच्या अधिकारातले असते. दिवाळीचा आणि ईदचा निबंध आपण मुलांकडून लिहवून घेतो. नवाईचा निबंध लिहवून घेतला तर ज्यांच्या घरी ती होत नाही त्यांना नवी माहिती मिळेल आणि ज्यांच्या घरी होते त्यांना कळेल की ही गोष्ट वहीत लिहिण्याजोगी आहे. यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पाऊस लागला आहे, मका गुडघ्याएवढा झाला आहे. कणसे भरण्यापूर्वी पालकांना एकदा शाळेत बोलवा, त्यांच्या बोलीत बोलणारा एक माणूस शेजारी बसवा, आणि तुमच्याकडे नवाई केव्हा असते एवढे प्रथम विचारा.